कासवजहाजाच्या पाठीवर खरंच लोखंड होतं का?

शिडाचा_वारा (धागाकर्ता)
सोलच्या ग्वांगह्वामुन चौकात सेनापती यी सुन-शिनचा पुतळा आहे, त्याच्या पायथ्याशी एक छोटं कासवजहाज. कासवाच्या पाठीसारखं छत असलेलं हे कोरियन लढाऊ जहाज, त्यालाच गोबुकसन म्हणतात. फोटो टाकला की कुणीतरी हमखास लिहितं, "जगातलं पहिलं लोखंडी चिलखताचं जहाज!" माझ्या मते ही थाप आहे. १५९२ मध्ये जपानने कोरियावर स्वारी केली, तेव्हा यीने राजाला पाठवलेल्या अहवालात पुढचं ड्रॅगनचं तोंड आहे, त्यातून डागायची तोफ आहे, पाठीवरचे लोखंडी सुळे आहेत. पत्र्याचा उल्लेख नाही. अख्खं छत लोखंडाने मढवलं असतं तर तो माणूस ते लिहायला विसरला असता?

बंदरावरचा_बाळ्या
अहो, पण त्याच वर्षीच्या जपानी वृत्तांताचं काय? त्यात 'आंधळी जहाजं' म्हणून वर्णन आहे आणि ती लोखंडाने वेढलेली होती असं स्पष्ट लिहिलंय. मार खाल्लेला शत्रू कोरियाची जाहिरात कशाला करेल?

शिडाचा_वारा
मार खाल्लेलाच करतो! समोरचं जहाज लोखंडी होतं म्हटलं की हरल्याची लाज कमी होते. धुरातून ओळीने सुळे दिसले, की लांबून सगळं लोखंडच वाटणार. आणि जपानी कागद प्रमाण मानायचे तर जपानी सरदार ओदा नोबुनागाची १५७८ ची 'लोखंडी जहाजं'ही माना. मग पहिला नंबर जपानचा. चालेल?

रंधा_आणि_करवत
दोघंही पत्र्यावर अडकलात. आधी ते छत कशासाठी होतं ते बघा. जपान्यांची रीत अशी, की बंदुका झाडत जवळ यायचं, जहाजाला जहाज भिडवायचं आणि तलवारी उपसून उडी मारायची. ती उडी वाया घालवायला हे झाकण. यीचा पुतण्या यी बुन लिहितो की सुळ्यांवर गवताच्या चटया अंथरलेल्या असत. वरून मऊ दिसतंय म्हणून उडी टाकली की संपलं. त्याला पत्रा कशाला हवा?

खरी करामत खाली आहे. तळ सपाट, त्यामुळे भरती-ओहोटीच्या उथळ खाड्यांत जहाज जागच्या जागी फिरायचं. फळ्या जाड पाइनच्या, आणि जोडायला लाकडी खुंट्या. खुंटी पाण्याने फुगून घट्ट बसते, लोखंडी खिळा गंजून ढिला होतो. तोफांचे हादरे सोसायचे तर सांधा महत्त्वाचा. (आमच्या घरी तीन पिढ्या सुतारकाम, म्हणून जरा लांबलं.)

शिवाय कासवजहाजं होती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. लढाया जिंकल्या त्या पानोकसननी, म्हणजे १५५५ पासूनच्या उंच, उघड्या डेकच्या जहाजांनी. १५९७ ला म्योंगन्यांगच्या सामुद्रधुनीत यीकडे १३ जहाजं होती आणि समोर १३३. त्या १३ मध्ये कासवजहाज एकही नव्हतं.

बंदरावरचा_बाळ्या
नव्हतं, कारण दोन महिन्यांपूर्वीच कोरियाच्याच सेनापती वॉन ग्युनने चिलचोनर्यांगच्या लढाईत आपलं जवळजवळ सगळं आरमार घालवलं होतं! हा काही कासवजहाजाचा दोष नाही. १५९२ ला साचोनच्या लढाईत शत्रूच्या रांगेत आधी तेच घुसलं, उघड्या डेकचं पानोकसन तिथे पुढे घातलं असतं तर माणसं टिपली गेली असती. आणि यीची रोजनिशी बघा. जपानी फौज कोरियाच्या बुसान बंदरात उतरली त्याच्या आदल्या दिवशी त्याने कासवजहाजावरच्या तोफा डागून पाहिल्या होत्या. बिनकामाच्या वस्तूची कुणी अशी चाचणी घेतं का?

चहा_कमी_साखर
मध्येच एक. कोरियाच्या गोजे शहरात २०११ ला कासवजहाजाची प्रतिकृती बांधली. कोरियन पाइन वापरायचं ठरलेलं, ठेकेदाराने परदेशी लाकूड घातलं. ती कुजत गेली, २०२३ ला लिलावात साधारण १५ लाख वॉनला गेली, म्हणजे लाखभर रुपयांच्या आत. शेवटी तोडून टाकली. तुम्ही लोखंडावरून भांडताय, तिथे लाकूडच खोटं निघालं.

शिडाचा_वारा
😄 साचोनचा मुद्दा मान्य, बाळ्या. कासवजहाज बिनकामाचं होतं असं मी म्हटलंच नव्हतं. पण 'लोखंडी' मागे घ्या. १७९५ च्या कोरियन ग्रंथात कासवजहाजाचे दोन नमुने मापांसकट दिलेत, फळी न् फळी मोजलीय. पत्रा तिथेही नाही.

बंदरावरचा_बाळ्या
दोनशे वर्षांनंतरचा ग्रंथ चालतो आणि त्याच वर्षीचा जपानी कागद नाही? मागे घेत नाही.