ब्युरेटचा शेवटचा थेंब: टायट्रेशनच्या आठवणी लिहा

तापीकाठची
उडदाच्या पापडाचं पीठ भिजवत होते. पापडखाराचं पाणी हळदीच्या फडक्यावर सांडलं आणि डाग लालभडक. लिंबू पिळलं, परत पिवळा. लेक बघतच राहिली. मला अमळनेरच्या प्रताप कॉलेजची लॅब आठवली. फ्लास्कमध्ये ॲसिड, त्यात फिनॉल्फ्थॅलिन (अल्कलीत गुलाबी होणारं रंगसूचक), वरून ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा आणि तोटी असलेल्या काचनळीतून, कॉस्टिक सोडा थेंब थेंब. किती सोडा लागला त्यावरून ॲसिड किती ते काढायचं, हेच टायट्रेशन. गुलाबी चमकतो, फ्लास्क फिरवला की जातो. मग जायला वेळ लावायला लागतो. मग एक थेंब असा पडतो की जातच नाही! तो थेंब ओळखता येणं हे मला आजही फार मोठं शिक्षण वाटतं. तुमचंही लिहा.

भुसावळकर
फ्लास्कखालची पांढरी टाइल विसरलात ताई! तिच्याशिवाय फिका गुलाबी दिसायचाच नाही. कोणी गडद राणी रंग आणला की मॅडम म्हणायच्या, रंगपंचमी झाली, ओता आता.

सायली_धुळे
मला मिथाइल ऑरेंज या दुसऱ्या रंगसूचकाने रडवलं. पिवळा कधी संपला नि केशरी कधी आला, देव जाणे.
बाकी बिबड्यांनाही (ज्वारीच्या पापडांनाही) खार घालता का?

तापीकाठची
नाही गं, बिबड्यांना तीळ, लसूण, मिरची. खार उडदालाच.

राजू नंदुरबार
टिकलेला गुलाबी पण थोड्या वेळाने जायचा. का ते कोणी सांगितलंच नाही.

निवृत्त_गुरुजी
राजूभाऊ, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, आम्ल तयार होतं, रंग जातो. म्हणून अर्धा मिनिट टिकला की रीडिंग घ्यायचं. आणखी एक, आम्ल आणि अल्कली एकमेकांना नेमके पुरे पडतात तो बिंदू म्हणजे दर वेळी सामू (पीएच) 7 असं मुलं पाठ करतात. हायड्रोक्लोरिक आणि कॉस्टिकला ते बरोबर. व्हिनेगर घ्या, तो बिंदू साडेआठच्या पुढे जातो. फिनॉल्फ्थॅलिन रंग बदलतं 8.2 च्या पुढे, म्हणून तिथे तेच चालतं, मिथाइल ऑरेंज नाही.

दूधवाला_चोपडा
माझं पोट या थेंबावर आहे. संकलन केंद्रावर 10 मिली दूध, थोडं फिनॉल्फ्थॅलिन, डेसिनॉर्मल म्हणजे ठरावीक तीव्रतेचा कॉस्टिक सोडा. ताज्या दुधाला दीड मिलीच्या आसपास लागतो, म्हणजे आम्लता 0.14 टक्के धरा. 0.2 च्या पुढे गेलं की तापवताना फाटायची भीती. दूध पांढरं, गुलाबी पटकन कळत नाही, म्हणून शेजारी सोडा न घातलेलं दूध ठेवतो. वैशाखात सकाळचं दूध दुपारपर्यंत कुठे जातं ते या नळीत बघावं! काही जण आंबट दूध लपवायला सोडा टाकतात, त्याचा फार राग येतो. लेकरं पितात ते.

केळीबाग_रावेर
दूधवाले भाऊ, एकदम बराबर से. आम्ही शेतात हेच करतो. विहिरीचं पाणी जड, ठिबकचे ड्रीपर क्षाराने चोक होतात. एक लिटर पाणी घ्यायचं, हायड्रोक्लोरिक ॲसिड मोजून थोडं थोडं टाकायचं, पीएच पेपरवर 4 आला की थांबायचं. त्या हिशोबाने टाकीचं ॲसिड. पाण्यात ॲसिड टाका, ॲसिडात पाणी कधीच नाही.

भुसावळकर
भाऊ, ॲसिडचं पाणी सोडल्यावर लॅटरलमध्ये (ठिबकच्या नळ्यांत) किती वेळ ठेवता? सासऱ्यांचा बाग आहे सावद्याला.

केळीबाग_रावेर
24 तास पंप बंद. मग टोकाच्या कॅप उघडून साफ पाणी येईपर्यंत फ्लश. हातमोजे, चष्मा घालायला लावा त्यांना.