घरगल्ली मराठी शब्द नाही?

उंबरठा:
मंडळी, एका लेखाचा अनुवाद करतोय, 1896 च्या मुंबईतल्या प्लेगवर. सप्टेंबरात मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी रोग ओळखला आणि मग म्युनिसिपालटीने कार्बोलिक, चुना, खारं पाणी घेऊन गटारं आणि घरगल्ल्या धुवायला काढल्या, असा मजकूर आहे. मी सरळ 'घरगल्ल्या' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'इमारतींमधील सेवा-मार्गिका' केलं आणि वर शेरा, हा शब्द मराठीत नाही! अहो मी गिरगावात वाढलो, आमचे निम्मे बॉल या नसलेल्या शब्दात पडायचे. दुसरा शब्द सुचवा नाहीतर माझ्या बाजूने भांडा.

नळावरची:
सेवा-मार्गिका 😂 तिथून बस जाते का?
आमच्या चाळीच्या दोन बिल्डिंगांमध्ये जेमतेम दीड हात जागा, भिंतीवरून उतरलेले बिडाचे पाइप, खाली शेवाळ, आणि प्रत्येक मजल्यावरच्या खिडकीतून चहाचा चोथा आणि केळ्याची सालं. तिचं नाव घरगल्ली. नोटीस पण तशीच लागायची, 'घरगल्लीत कचरा टाकू नये', आणि नोटिशीच्या बरोब्बर खाली माशांचे काटे.

बोळातला:
पुण्यात याला बोळ म्हणतात. गल्ली म्हणजे जिथून सायकल जाते ती.

गणपतगल्ली:
आमच्या बेळगावात गल्ली म्हणजे अख्खा रस्ता, दुकानं, देऊळ, लग्नाची वरात, सगळं. घाणीच्या जागेला गल्ली म्हटलं की कसंतरीच होतं ओ.

नळावरची:
@बोळातला, बोळातून माणूस ये-जा करतो. घरगल्लीत फक्त बॉल आणायला उतरतात, तेही ज्याने मारला त्याने, आणि वर आल्यावर त्याला कोणी शिवत नाही.

मूळव्युत्पत्ती:
गल्ली हा शब्द गळ्यावरून आला असणार, दोन्ही अरुंद. आणि गटारही इंग्रजी नव्हे, संस्कृत 'गर्त'. गर्त, गट्ट, गटार. आपलंच आहे सगळं.

शंकेखोर:
मग 'बटर' पण भटार्‍यावरून आलं असेल. गटर-गटार इतकं सरळ दिसतंय तरी संस्कृतपर्यंत का जायचं? आणि गंमत बघा, 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात 'हाउस-गली' ची व्याख्याच आहे, सांडपाण्यासाठी किंवा संडास साफ करणार्‍यांना आत जाता यावं म्हणून ठेवलेली पट्टी अशा अर्थाची. म्हणजे साहेबाने आपल्याकडून गल्ली उचलली, पुढे घर जोडून कायद्यात घातली, आणि आता आपणच म्हणतोय की मराठीत नाही.

उंबरठा:
अरे वा, हे बाईंना दाखवतो.

पाटी_पेन्सिल:
व्याख्येतला 'साफ करणार्‍यांना' हा भाग जरा थांबून वाचा. टोपलीचे संडास होते, टोपली मागच्या बाजूने काढायची, ती काढणार्‍याने दर्शनी दाराने यायचं नाही, म्हणून मागे ही गल्ली. माझे आजोबा या कामावर होते. त्याच कायद्यात 'हलालखोर कर' होता, तो घरमालक भरायचे. हे काम करणार्‍यांना हलालखोर किंवा मेहतर म्हणत. हलालखोर म्हणजे कष्टाचं, हक्काचं खाणारा. मेहतर म्हणजे फारसीत मोठा, वडील. इतकी मानाची नावं आणि पाणी द्यायचं ते वरून ओंजळीत. त्यामुळे सेवा-मार्गिका नकोच, त्यात 'सेवा' कोणाची ते दिसत नाही. घरगल्ली ठेवा.

गणपतगल्ली:
हे माहीत नव्हतं. माझं कसंतरीच मागे घेते.

बोळातला:
पटलं. पण मग कराला आता 'मलनिस्सारण' म्हणतात ते बरं की वाईट? माझ्या मते शब्द स्वच्छ झाले की लोक विसरतात.

मूळव्युत्पत्ती:
मलनिस्सारण उत्तम, शुद्ध शब्द आहे.

शंकेखोर:
शुद्ध! 😄 काका, तुम्ही पाइप तुंबल्यावर प्लंबरला फोन करून 'निस्सारण होत नाही' म्हणता का?

आज्जीचा_डबा:
जरा उशिरा येतेय. माझी पणजी 'प्लेग' म्हणायचीच नाही, 'गाठीची साथ' म्हणायची. आणि 'उंदीर पडला' म्हणजे मेलेला उंदीर सापडला, की भांडीकुंडी उचलून गावाबाहेर झोपडीत. पंचांग नाही, मुहूर्त नाही. लेखात उंदीर येतात का हो?

उंबरठा:
येतात, पण शेवटी. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने 1898 मध्ये कराचीत मांडलं. त्याआधी घाण वास आणि कोंदट हवा यांनाच दोष. म्हणून तर गल्ल्या धुतल्या, आणि 1898 मध्येच इंप्रूव्हमेंट ट्रस्ट काढून समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट वगैरे रस्ते पाडायचं ठरवलं.

नळावरची:
थांबा, बीआयटी चाळीतलं बीआयटी म्हणजे तेच का, बॉम्बे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट? मी आयुष्यभर समजत होते बिल्डरचं नाव.

शंकेखोर:
तेच.

बोळातला:
'रस्ते पाडायचं'? पाडतात घरं, रस्ता काढतात.

मूळव्युत्पत्ती:
विहीर पाडतात की.

बोळातला:
विहीर पाडतात, खणतात. रस्ता काढतात. वाट पाडतात.

आज्जीचा_डबा:
आमच्याकडे वाट पण काढतात, गर्दीतून.

उंबरठा:
अहो, लेख उद्या सकाळी द्यायचाय. बाईंचा आत्ताच निरोप आला, 'घरगल्ली चालेल, पण अवतरणात टाका'.

पाटी_पेन्सिल:
अवतरण कशाला?

मूळव्युत्पत्ती:
अवतरण हा शब्द मुळात...