मदत हवी आहे: मोठ्या खंडानंतर पुन्हा एअरलाइनमध्ये उडायचंय, आधी काय करू?

नमस्कार मंडळी,

इथे कुणी एअरलाइनचे वैमानिक, प्रशिक्षक किंवा परीक्षक असतील तर त्यांचा सल्ला हवा आहे. मी एअरबस ए-320 या जेट विमानावर फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) होते, तीनेक हजार तास गाठीशी आहेत. वडिलांच्या आजारपणात नोकरी सोडली आणि बघता बघता पाच-सहा वर्षं गेली. आता घर सावरलंय आणि मला परत उडायचंय. अगदी मनापासून.

कागदपत्रांचं बऱ्यापैकी मार्गी लागलंय. क्लास 1 मेडिकल (व्यावसायिक वैमानिकांची वैद्यकीय तपासणी) नव्याने झालं, पण त्याची मुदत 12 महिन्यांचीच. इंग्रजीची परीक्षाही पुन्हा दिली. अडलंय ते टाइप रेटिंगवर, म्हणजे ठराविक प्रकारचं विमान उडवण्याच्या परवानगीवर. 90 दिवसांत 3 टेकऑफ-लँडिंग करून भागणारा हा खंड नाही. प्रशिक्षण संस्थेकडून मूल्यमापन, मग सिम्युलेटरची सत्रं आणि शेवटी चेक, असं सगळं आलं.

अंदाज घ्यावा म्हणून सिम्युलेटर भाड्याने घेऊन ओळखीच्या एका प्रशिक्षकांबरोबर बसले. ओव्हरहेड पॅनलवर हात आपोआप फिरले. व्ही-1 नंतर, म्हणजे ज्या वेगापुढे टेकऑफ थांबवायचा नसतो त्यानंतर, एक इंजिन बंद केलं तेव्हा पेडलवर पायही बरोबर पडला. पण ऑटोपायलट, फ्लाइट डायरेक्टर (विमान कुठे वळवायचं ते पडद्यावर दाखवणाऱ्या खुणा), ऑटोथ्रस्ट (इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) तिन्ही बंद करून आयएलएस (रेडिओ संकेतांच्या आधारे धावपट्टीकडे उतरणं) करायला घेतलं आणि खरी उणीव कळली. लोकलायझर (धावपट्टीच्या सरळ रेषेचा संकेत) सांभाळावा तर वेग घसरलेला. वेग आणावा तर तोवर ग्लाइडस्लोपची (उतरण्याच्या उताराच्या संकेताची) खूण वर सरकलेली. नजर एकाच आकड्यावर रेंगाळते. एफएमए (ऑटोपायलट-ऑटोथ्रस्ट कोणत्या मोडमध्ये आहेत ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी) बदलला की तो मोठ्याने वाचायलाही उशीर होतो. वाचून सुधारण्यातलं हे नाही. अभ्यासाची मला चिंता नाही. मी सोडल्यानंतर, नोव्हेंबर 2021 पासून, धावपट्टी किती ओली-निसरडी आहे त्यावरून तिच्या प्रत्येक तृतीयांश भागाला 6 ते 0 असा कोड देण्याची पद्धत आली, ती बसून शिकले.

मुख्य प्रश्न असा. स्वतःच्या पैशाने आत्ताच रेटिंगचं नूतनीकरण करून घ्यावं, की आधी अर्ज करावेत? आधी केलं आणि नोकरी लांबली, तर हात पुन्हा थंड पडणार आणि पैसे गेलेच. न करता अर्ज केले तर पहिल्याच चाळणीत नाव बाद होईल अशी भीती वाटते. भरती करणारे नेमकं काय बघतात, चालू रेटिंग की अलीकडचे तास?

तिसरा मार्ग म्हणजे छोट्या दोन इंजिनांच्या विमानावर इन्स्ट्रुमेंट रेटिंग ताजं करून काही तास आयएफआर, म्हणजे केवळ उपकरणं बघून, उडवणं. मला हा पटतो, कारण स्कॅन, म्हणजे उपकरणांवरून नजर फिरवत राहण्याची सवय, तिथेही तोच लागतो. माझे प्रशिक्षक म्हणतात, जेटची गती आणि जडत्व वेगळं, तेवढाच पैसा सिममध्ये घाल. तुमचा अनुभव काय?

मुलाखतीत खंडाबद्दल विचारतील, ते सरळ सांगणार आहे. सिनिऑरिटी तळापासून सुरू होईल हेही मान्य आहे. माझ्यानंतर लागलेले आज कॅप्टन आहेत. त्यांच्या उजवीकडे बसायला मला जराही कमीपणा वाटणार नाही.

पाच वर्षांहून मोठ्या खंडानंतर कुणी परतलं असेल, तर चेकआधी सिमची किती सत्रं लागली आणि त्यांतली किती रॉ डेटावर (वर लिहिलेल्या तिन्ही यंत्रणा बंद ठेवून) घालवली, एवढं नक्की लिहा. मेडिकलची मुदत हाताशी असतानाच निर्णय घ्यायचा आहे.