अर्धायुष्याचे अर्धे काय?

प्रश्न (इंदूर) : किरणोत्सारी समस्थानिकांसाठी (म्हणजे किरणे सोडत आपोआप बदलत जाणाऱ्या अणुप्रकारांसाठी) मराठीत ‘अर्धायुष्य’ हा शब्द रूढ आहे. इंदुरातली आमची मुले शाळेत हिंदीतून ‘अर्ध-आयु’ शिकून येतात, त्यामुळे घरी मराठीतून समजावताना शब्द अडत नाही. अडतो तो अर्थ. माझ्या शिकवणीतल्या एका मुलीने वहीत लिहिले की, आयोडीन-१३१चे अर्धायुष्य ८ दिवस, म्हणून १६ दिवसांत ते संपेल. कारण विचारले तर म्हणाली, “ताई, दोन अर्धशतकांचे एक शतक होते, मग दोन अर्धायुष्यांचे एक आयुष्य का नाही?” भाषेच्या अंगाने तिचे म्हणणे खोडता येईना. हा शब्द बदलावा काय?

उत्तर (ग्वाल्हेर) : घोटाळा समासाच्या विग्रहात आहे. येथे निम्मे होते ते आयुष्य नव्हे, तर शिल्लक अणुकेंद्रकांची संख्या. ८ दिवसांत निम्मी केंद्रके क्षय पावून त्यांचे झेनॉन होते, आणि पुढच्या ८ दिवसांत उरलेल्यांतली निम्मी. म्हणून १६ दिवसांनी चतुर्थांश आयोडीन उरतेच. एखादे केंद्रक नेमके कधी क्षय पावेल हे सांगता येत नाही, आणि ते आजवर किती काळ टिकले याचाही त्यावर काही परिणाम होत नाही. केंद्रकांच्या ‘सरासरी आयुष्या’ला वेगळी संज्ञा आहे, ते अर्धायुष्याच्या दुप्पट नसून सुमारे १.४४ पट, म्हणजे येथे साधारण साडेअकरा दिवस असते. मला विचाराल तर ‘अर्धीभवनकाळ’ हा शब्द अधिक चोख ठरेल. ‘बाष्पीभवन’ मुलांना परके वाटत नाही, तसे हेही वाटू नये. मात्र रूढ शब्द मोडून काढू नये. पहिल्या दिवशी ‘निम्मे होण्यास लागणारा काळ’ असा अर्थ सांगून मग तोच वापरावा.

‘क्षय’ शब्दाबद्दलही सावध असावे. कृष्णपक्षात चंद्राची कला तिथीगणिक एकेकीने क्षीण होते असे आपण म्हणतो. तेथे घट सारख्या मापाची मानलेली असते, येथे ती सारख्या प्रमाणाची असते.

प्रश्नकर्ती (इंदूर) : आपला शेवटचा मुद्दा मला आजच कामी आला. ४०० मेगाबेक्वेरेल (किरणोत्सार मोजण्याचे एकक) आयोडीनचे २० दिवसांनी किती उरेल, असे मी विचारले होते. १६ दिवसांनी १०० आणि २४ दिवसांनी ५०, म्हणून मधोमध ७५, असे त्याच मुलीने मांडले. २० दिवस म्हणजे अडीच अर्धायुष्ये. तेव्हा चार दिवसांचा गुणक असा हवा, की त्याने दोनदा गुणल्यावर बरोबर निम्मे व्हावे. तो ०.७०७ येतो आणि उत्तर सुमारे ७०.७. सोळाव्या दिवसानंतरच्या पहिल्या चार दिवसांत २९.३ घटले, नंतरच्या चारांत २०.७. हे दोन आकडे तिने स्वतः एकाखाली एक लिहिले आणि वरचे ७५ खोडले.