मदत हवी आहे: 'लहान-मोठ्या' बरोबर, मग 'नवा-जुन्या' चूक का?

शाईपेन: फलक आज संध्याकाळी छपाईला जायचाय. 'लहान-मोठ्या' लिहिताना 'लहान' तसाच राहतो, मग 'नवा' का बदलायचा? आणि हायफन ठेवू की काढू? लवकर सांगा.

वेलांटी: अख्खी ओळ द्या. पुढचा शब्द कळल्याशिवाय काय सांगणार?

कानामात्रा: हायफन काढा. वीस वर्षं मुद्रितं तपासतेय. आईवडील, लहानमोठे, नव्याजुन्या, सगळं जोडून.

शाईपेन: ओळ अशी: 'नवा-जुन्या पुस्तकांचे प्रदर्शन'. खाली 'जुने मासिके निम्म्या किमतीत'.

वेलांटी: 'पुस्तकांचे'मध्ये नामाचं सामान्यरूप झालंय, म्हणून त्याचं आकारान्त विशेषण 'या'कारान्त होतं. नवा आणि जुना दोन्ही आकारान्त, म्हणून 'नव्या-जुन्या'. 'लहान' मुळात अविकारी आहे: लहान मुलगा, लहान मुलगी, लहान मुलांना. तो बदलत नाही याचं हायफनशी काही नातं नाही. लालपिवळ्या, पण काळ्यापांढऱ्या. बऱ्यावाईटमध्ये उलट, तिथे दुसरा शब्द अविकारी.

रेघोटी: कानामात्राताई, सरसकट 'काढा' नको. 'स्त्रीपुरुष' जोडून वाचताना डोळा अडखळतो, 'स्त्री-पुरुष' एका नजरेत कळतं. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या 1962 च्या 14 आणि 1972 च्या 4 नियमांचा भर अनुस्वार, ऱ्हस्वदीर्घ यांवर आहे. त्यांच्या आधारे हायफन चूक ठरत नाही.

कानामात्रा: चूक नाही म्हटलं मी, गरज नाही म्हटलं. एकाच पानावर 'आई-वडील' आणि 'आईवडील' दोन्ही दिसतात, त्याचा त्रास होतो.

रेघोटी: ते मान्य. एक पद्धत धरा, शेवटपर्यंत पाळा. आणि हायफनच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडू नका, ओळ तिथेच तुटते.

तिरपी_मात्रा: 'बऱ्या' लिहायला नुक्त्याचा ऱ घ्या, मग हलन्त, मग य. साध्या र ने 'बर्या' होतं. हल्ली जिकडेतिकडे तेच दिसतं.

शाईपेन: ते माझं अडलेलं नाही हो. दुसऱ्या ओळीबद्दल कुणी बोलेना.

वेलांटी: 'जुनी मासिके'. मासिक नपुंसकलिंगी, एकवचनात 'जुने मासिक', अनेकवचनात 'जुनी'. 'जुने घरे', 'चांगले पुस्तके' ही चूक तर फार बोकाळली आहे.

शाईपेन: बदललं. शेवटचं एक. आतल्या पत्रकात 'जुना पुस्तकांचा संच' आहे, तिथेही 'जुन्या' करायचं ना?

कानामात्रा: हो.

वेलांटी: थांबा. दोन्ही शुद्ध आहेत, पण अर्थ वेगळे. 'जुना' संचाला लागतो, 'जुन्या' पुस्तकांना. तुमच्याकडे जुनं काय आहे?

शाईपेन: पुस्तकं. संच आम्ही कालच बांधलेत.

वेलांटी: मग 'जुन्या पुस्तकांचा संच'.