मदत हवी आहे: 'टॉय स्टोरी'च्या जुन्या खेळण्यांची किंमत कशी ठरवायची? (सोलापूर)

शेंगाचटणी:

मंडळी, जरा घाईत आहे, कारण रविवारी एक गृहस्थ घरी येणार आहेत.

आत्याचं दक्षिण कसब्यातलं घर रिकामं करताना माळ्यावर चादरींच्या गठ्ठ्यांमागे एक मोठं खोकं निघालं. 'टॉय स्टोरी' हा चित्रपट आला (1995) तेव्हा आतेभाऊ अमेरिकेत शाळेत होता. परत येताना ही खेळणी बरोबर आणली आणि ती माळ्यावर गेली. तो आता बंगळुरात असतो. फोन केला तर म्हणाला, "तुला काय करायचं ते कर, फक्त फसू नकोस."

तर माल असा. बोलणारा मोठा बझ लाइटइयर (सिनेमातला अंतराळवीर), साधारण फूटभर उंच. पांढरं प्लास्टिक जुन्या स्विचबोर्डासारखं पिवळं पडलंय, एका पंखाचं टोक नाही, बटणं दाबली तर काही होत नाही आणि बॅटरीच्या कप्प्यात पांढरी भुकटी जमलीय. मग वुडी (सिनेमातला काउबॉय), अंग कापडी, डोकं आणि हात रबरासारखे. टोपी आहे, पाठीतली दोरी ओढली की निम्मीच आत जाते, आणि बुटाच्या तळव्यावर मार्करनं 'सोनू' लिहिलंय. (आतेभाऊच तो. आज त्याला सोनू म्हटलेलं चालत नाही.) कार्डावर पारदर्शक प्लास्टिकच्या फुग्यात बंद असलेल्या, न उघडलेल्या दोन छोट्या मूर्ती आहेत, एक कराटे बझ आणि एक रेक्स डायनासोर. तळाशी हॉटेलात जेवणाबरोबर फुकट मिळतात तसली बारीकसारीक मूठभर खेळणी. आणि आणखी एक बझ, जो आत्यानं जोडी व्हावी म्हणून गड्ड्याच्या यात्रेतून घेतला होता. तो अजून चालतो आणि हिंदी गाण्याची धून वाजवतो.

जुनी खेळणी गोळा करणाऱ्या पुण्याच्या एका गृहस्थांना ओळखीतून फोटो पाठवले. त्यांनी सगळ्या खोक्याचे मिळून 6,000 सांगितले. कमी का, तर बझ पिवळा, पंख तुटका, वुडीचं पिस्तूल हरवलेलं, तळव्यावर नाव. रविवारी ते सोलापुरात लग्नाला येतायत, तेव्हा रोख देऊन घेऊन जातो म्हणाले.

मला यातलं ओ की ठो कळत नाही. भाव बरोबर आहे का? देण्याआधी साफसफाई करावी का? नाव पुसावं का? आणि चौथीतला माझा मुलगा बझ द्यायला तयारच नाही, त्याचं काय करायचं तेही सांगा.

खेळणीवेडा:

ताई, रविवारी काहीही देऊ नका. वुडीचं पिस्तूल हरवलेलं नाही. त्याच्या कमरेला होल्स्टर (पिस्तूल ठेवायचं म्यान) असतं, पण चित्रपटातही ते रिकामंच असतं. हे माहीत नसलेला माणूस संग्राहक म्हणवत असेल तर कठीण आहे, आणि माहीत असून बोलला असेल तर त्याहून कठीण.

किंमत ठरवायच्या आधी वस्तू नेमकी कोणती हे ठरवावं लागतं. चित्रपट एकच, पण त्याची खेळणी गेली तीस वर्षं निघतायत. 1995 ची खेळणी थिंकवे या कॅनडातल्या कंपनीची. मोठ्या कंपन्यांनी वेळ पुरणार नाही म्हणून हात वर केले आणि काम यांच्याकडे आलं. त्या नाताळात बझ दुकानांत पुरला नाही, एवढा की 1999 च्या दुसऱ्या भागात त्यावर विनोद आहे. पण पुढे बझ इतका निघाला की सुटा, वापरलेला बझ आज दुर्मीळ म्हणता येत नाही. तिसऱ्या भागाच्या (2010) आगेमागे थिंकवेनंच 'टॉय स्टोरी कलेक्शन' काढलं. त्यात खरेपणाचं प्रमाणपत्र यायचं आणि खेळणी पडद्यावरच्या पात्रांशी जास्त जुळणारी होती. त्याची बाजारपेठ वेगळी. शिवाय मॅटेल या मोठ्या अमेरिकन कंपनीचीही खेळणी आहेत, 2010 च्या सुमाराची आणि चौथ्या भागाच्या (2019) वेळचीही. त्यामुळे 'टॉय स्टोरीचा बझ' एवढं सांगून कुणीही भाव सांगत असेल तर ती हवेतली बात.

घरी एवढं बघा. पाठीवर, मांडीच्या आत, तळव्याखाली बारीक कोरलेली अक्षरं असतील. मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तिरपा पाडला की वाचता येतात. कंपनी, देश, वर्ष लिहून घ्या. तिथलं वर्ष हे हक्कनोंदीचं (कॉपीराइटचं) असतं, खेळणं त्याच वर्षी बनलं असा त्याचा अर्थ नाही. अगदी जुन्या मालावर बहुतेक ठिकाणी नुसतं डिस्नेचं नाव दिसतं. 1997 मध्ये डिस्ने आणि हा चित्रपट बनवणाऱ्या पिक्सारचा नवा करार झाला आणि दोन्ही नावं बरोबरीनं लावायचं ठरलं. हा पुरावा नव्हे, पण दिशा कळते.

तुमच्या खोक्यात मला खरा रस आहे तो कार्डावरच्या दोन मूर्तींत. त्या उघडू नका. मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. फुग्याची कड कार्डापासून सुटलीय का, प्लास्टिकला चीर आहे का, कार्डाचे कोपरे मुडपलेत का, वरचं टांगायचं भोक फोडलेलं आहे की तसंच बंद आहे, हे बघा. दुकानाचं किमतीचं लेबल असेल तर नखानं खरवडू नका, कार्डाचा रंग निघतो. परदेशात अशा मालाला सी-1 ते सी-10 (सी-10 सर्वांत चांगली) अशी श्रेणी देतात. एएफए नावाची संस्था तर शंभरपैकी गुण देऊन वस्तू ॲक्रिलिकच्या पेटीत बंद करून देते. एका रेक्ससाठी तो खर्च परवडणारा नाही, पण तुम्ही स्वतः त्या नजरेनं बघायला हरकत नाही.

हॉटेलची खेळणी बहुधा बर्गर किंगची. 1995 मध्ये त्यांनी वाटली होती, दुसऱ्या भागाला मॅकडोनाल्ड्सनं. किंमत नगण्य.

टाकाऊतून:

बझचा आवाज गेला म्हणजे यंत्र मेलं असं नाही. ती पांढरी भुकटी बॅटरी फुटून आलेली आहे. अल्कलाइन सेल असतील तर ती भुकटी अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची असते, म्हणून व्हिनेगर चालतं. हातमोजे घाला, जुने सेल काढा, कानात घालायच्या कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुन्हा पुसा आणि नीट वाळू द्या. ओतायचं नाही, नळाखाली तर धरायचंच नाही. पट्टी हिरवी-काळी होऊन खाल्ली गेली असेल तर बदलावी लागेल. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा एखादा जुना मेकॅनिक दहा मिनिटांत करेल. बोलणारा बझ आणि मुका बझ यांच्या भावात बराच फरक पडतो, तेव्हा विकायच्या आधी एवढं कराच.

वुडीची दोरी मात्र जोर लावून ओढू नका. आतली स्प्रिंग सुटली तर शिवण उसवावी लागते, आणि उसवून परत शिवलेलं ओळखू येतं.

उष्ण_कटिबंध:

ओ ताई, बझ पांढरा करायला सोपं आहे बघा. पार्लरमध्ये केसांना लावतात ते 40 व्हॉल्यूमचं डेव्हलपर क्रीम आणायचं, म्हणजे 12 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. ते थापून वर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळायचं आणि गच्चीवर उन्हात ठेवायचं. लोक त्यासाठी अतिनील दिवे आणतात. आपल्याकडं ऊन काय विकत आणावं लागतंय का?

खेळणीवेडा:

नको हो. क्रीम वाळलं की डाग पडतात, स्टिकर आणि छपाई उडते, प्लास्टिक ठिसूळ होतं. आणि काही काळानं पिवळेपणा परत येतो, कारण तो वरचा मळ नसतो, प्लास्टिकच्या आतच बदल झालेला असतो. विकायचं असेल तर जसं आहे तसं विका. जाणकार ग्राहकाला प्रामाणिक पिवळा चालतो, क्रीम लावल्याचं लपवलेला पांढरा चालत नाही. साफसफाई म्हणजे मऊ ब्रश, किंचित ओलं फडकं, बास.

उष्ण_कटिबंध:

बरं, क्रीम राहिलं. पण माळ्याबद्दल माझं ऐका. वर पत्रा असेल तर मे महिन्यात तिथं काय होतं ते सोलापूरकराला सांगायला नको. व्हिनाइल (रबरासारखं लवचीक प्लास्टिक) मऊ पडून पाय वाकतात, मूर्ती एका बाजूला कलते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलं तर अंगावर चिकट थर येतो, कारण व्हिनाइल मऊ ठेवणारा तेलकट पदार्थ बाहेर येतो आणि पिशवीत कोंडून राहतो. वुडीचे हात चिकट लागतात का बघा. लागत असतील तर साबणाच्या अगदी सौम्य पाण्यात फडकं भिजवून पिळून पुसा. आणि आता कपाटात ठेवा, माळ्यावर परत नको.

दक्षिणकसबा_आजोबा:

सगळं वाचलं. काय बे तुम्ही लोकं, ज्याच्याशी कुणी खेळलं नाही त्याला भाव जास्त आणि पोरानं जीव लावला त्याला कमी! मी गिरणीत नोकरी केली. आमच्याकडं न वापरलेल्या चादरीला कुणी जादा पैसे दिले नाहीत. नातवाला, म्हणजे ताईंच्या मुलाला, बझ देऊन टाका.

नावाबद्दल एक सांगतो, हे नातवंडांबरोबर बघितलेलं आहे. वुडीच्या बुटावर त्या सिनेमातही मालक पोराचं नाव लिहिलेलं असतं. दुसऱ्या भागात दुरुस्ती करणारा म्हातारा त्यावर रंग फासतो, संग्रहालयात पाठवायचं म्हणून. ते बघून आमच्या घरातली पोरं रडली होती.

खेळणीवेडा:

आजोबा, भावाचं गणित तसंच आहे, मी बनवलेलं नाही. :) तुमचं नावाबद्दलचं मात्र पटलं. बाजाराच्या हिशेबातही पुसू नका. मार्कर व्हिनाइलमध्ये मुरतो. अल्कोहोलनं घासलं तर नाव पसरून डाग मोठा होतो आणि तळव्याची चकाकीही जाते. नाव आहे हे फोटोत दाखवा, वर्णनात लिहा.

आता भावाचं. ईबे या परदेशी खरेदी-विक्रीच्या साइटवर लोक काय मागतात ते बघू नका, मागायला कुणाचं काय जातं. 'विकल्या गेलेल्या वस्तू' असा पर्याय तिथं आहे, तो निवडून त्याच अवस्थेतली वस्तू कितीला गेली ते बघा. पंख तुटका असेल तर तुटक्याशीच तुलना. डॉलरचे थेट रुपये करून खूशही होऊ नका. बाहेर विकलं तर टपाल, साइटचं कमिशन, पैसे बदलण्याचा खर्च जातो. इथं विकलं तर गिऱ्हाईक कमी. पण एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क 20 वरून 60 टक्के झालं, 2021 पासून बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्राची अट आली. तेव्हापासून बाहेरून जुनी मूर्ती मागवणं इथल्या हौशी माणसाला जड जातं. देशात आधीच असलेली बंद कार्डावरची वस्तू त्याला त्यामुळेच हवी असते. पुण्याच्या गृहस्थांना सगळं खोकं एकदम हवंय ते त्यासाठीच असावं. पिवळ्या बझची तक्रार करत कार्डं स्वस्तात न्यायची.

शेंगाचटणी:

सगळ्यांचे आभार. आजोबा, तुम्हाला विशेष.

टॉर्च लावून वाचलं. बझ आणि वुडी दोन्हीवर थिंकवे आणि डिस्ने आहे, पिक्सार नाही. गड्ड्याच्या बझवर एकही अक्षर नाही, छातीवरची बटणं नुसती रंगवलेली आहेत आणि हेल्मेट बंदच होत नाही. रेक्सच्या कार्डाचं भोक फोडलेलं नाही, फक्त एक कोपरा मुडपलाय. कराटे बझचा फुगा मात्र खालून जरासा सुटलाय. अशोक चौकातल्या मेकॅनिककडे मोठा बझ नेला, त्यानं पट्ट्या बदलल्या. आवाज आला, थोडा घोगरा आहे.

पुण्याच्या गृहस्थांना फोन करून म्हटलं की होल्स्टर सिनेमातही रिकामंच असतं. ते म्हणाले, "असेल, असेल," आणि 9,000 वर आले. मग म्हटलं, बझ आणि वुडी विकायचेच नाहीत, फक्त कार्डं द्यायची आहेत, त्यांचं बोला. त्यावर "बघतो, कळवतो." रविवारी आले नाहीत.

आतेभावाला सांगितलं, तो म्हणतो वुडी बंगळुरूला पाठव. म्हणजे आता एक वुडी पार्सल करायचाय आणि कार्डं विकली गेली तर तीही. पॅकिंग कसं करावं?

खेळणीवेडा:

वुडीला प्लास्टिकची पिशवी नको, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. दोरीचं कडं पाठीशी सैल बांधा, म्हणजे प्रवासात ओढलं जाणार नाही. कार्डांसाठी दोन खोकी लागतील. आतल्यात कार्ड उभं, मागे-पुढे कडक पुठ्ठा, फुग्यावर काहीही दाबलं जाऊ देऊ नका. बाहेरच्या खोक्यात सगळ्या बाजूंनी कागदाचे बोळे. एप्रिल-मेमध्ये पाठवू नका, गोंद उन्हात सुटतो आणि कराटे बझचा आधीच सुटायला लागलाय. टपाल खात्यात पार्सलचा विमा उतरवता येतो, तो उतरवा, आणि खोकं बंद करण्याआधी आतल्या मालाचे फोटो काढून ठेवा.