उपवास-प्रार्थना : सुटलेल्या जेवणाच्या वेळेत तुम्ही काय करता?

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, आला की आमच्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न : "यंदा काय सोडलं?" कुणी मटण-मासळी सोडतं, कुणी चहा, कुणी संध्याकाळचा पेग. मला त्याच्या पुढचं विचारायचंय. सोडलं ते ठीक. त्या जागी काय आलं?

नियमांवरून गाडी अडायला नको, म्हणून ते आधीच सांगून टाकते. कॅथलिकांना सक्तीचे उपवास वर्षातून दोनच : राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). एक पोटभर जेवण, आणि दोनदा थोडंसं, तेही दोन्ही मिळून एका जेवणाएवढं भरू नये. हे वयाची 18 वर्षं पूर्ण झालेल्यांपासून साठावं वर्ष लागेपर्यंत, म्हणजे 59 पूर्ण होईपर्यंत. मांस वर्ज्य मात्र 14 पूर्ण झाल्यापासून. आजारी माणसं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांना सूट आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर 46 दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वजा करा, म्हणजे 40. रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपवास नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये अशी लेखी सक्ती नाही. तिथे ज्याची त्याची इच्छा, आणि मंडळीने मिळून ठेवलेली उपास-प्रार्थना.

डाएटचे सल्ले नकोत. कुणाचा पंथ खरा, हा वादही इथे नको. बाकी मोकळेपणाने लिहा. एक ओळ असली तरी चालेल.

पानमळा

वसईचा आहे, साठी उलटलीय, म्हणजे नियमातून सुटलोय. पण लिहायचंय ते आजीबद्दल.

तिच्या तरुणपणी मिस्सेत (चर्चच्या मुख्य उपासनेत) मिळणारं ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकर, घ्यायचं तर आदल्या मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. पुढे 1953 मध्ये पाण्याला परवानगी मिळाली, 1957 मध्ये तीन तासांवर आलं, 1964 मध्ये एका तासावर. पोप बदलले, नियम बदलले, आजी बदलली नाही. पहाटेची मिस्सा होईपर्यंत तिच्या तोंडात काही जात नसे, आणि मिस्सेआधी वाडीत एक फेरी मारून पाटाचं पाणी पानवेलींकडे वळवून यायची ती वेगळीच.

उपवासकाळात ती दुपारी एकदाच जेवायची. संध्याकाळी चुलीपाशी बसून सगळ्यांच्या जेवणाचे तांदूळ मोजायची आणि स्वतःच्या वाटणीची मूठ पत्र्याच्या डब्यात टाकायची. त्या डब्यावर रॉकेलच्या कंपनीचं पुसट झालेलं चित्र होतं. आम्हा पोरांना डब्याला हात लावायची बंदी. मूठ टाकताना ती काहीतरी पुटपुटायची. मला वाटायचं, मोजतेय. पुढे कळलं, ज्यांच्या घरी तो तांदूळ जाणार त्यांची ती नावं होती. आमच्या वाडीत कामाला येणारी वारली कुटुंबं, एक विधवा शेजारीण. रोज तीच नावं, त्याच क्रमाने.

बायबलमध्ये मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू दान, प्रार्थना आणि उपवास एकापाठोपाठ एक सांगतो. प्रवचनात हे तीन मुद्दे म्हणून ऐकतो आपण. आजीच्या हातात ती एकच मूठ होती. मी आज तांदूळ काढून ठेवत नाही, पैसे वेगळे काढतो. पण नावं घेतो. नावं घेतली नाहीत तर ती नुसती वर्गणी होते, असं माझं मत.

नगरची थोरली

आमच्या मंडळीत बायांची उपास-प्रार्थना शुक्रवारी असते. अकराला बसायचं, दोनला उठायचं. आमचा उपास म्हणजे काहीच नाही, पाणी सोडून. लग्न होऊन आलेली माझी जाऊ पहिल्या शुक्रवारी म्हणाली, "साबुदाणा भिजवू का?" सासूबाई हसून म्हणाल्या, "आपल्यात एकादशी दुप्पट खाशी नाही गं बाई."

आधी 'उपासना संगीत' उघडायचं. पेटी, टाळ, आणि टिळकांचं एखादं भजन ठरलेलंच. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक आमच्या नगरचेच म्हणायचे, जन्म कोकणातला असला तरी. मग बायबलमधलं वचन. मग विनंत्या. कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या नवऱ्याची बाटली. एक भगिनी अशा आहेत की त्यांची प्रार्थना ऐकली की गल्लीतल्या सगळ्या बातम्या कळतात. देवाला सगळं ठाऊक असतं, आम्हाला नसतं, म्हणून त्या तपशिलात सांगत असाव्यात.

पहिला तास भूक बोलते. दुसरा तास विनंत्यांचा. खरी गंमत तिसऱ्या तासात, कारण तोवर मागायचं सगळं मागून झालेलं असतं. तोंड सुकलेलं, गुडघे दुखतायत, बोलायला काही उरलेलं नाही, आणि उठायला अजून पाऊण तास. नवीन बाया तेव्हा घड्याळ बघतात. मीही बघायची. आता त्या पाऊण तासासाठीच जाते. तेव्हा काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. एवढंच, की त्या वेळात मी कुणाची आई, सून, मुख्याध्यापिका नसते. उठल्यावर चहा आणि खारी असते, तीही लई गोड लागते.

छापखान्याचा भुंगा

प्रोटेस्टंटांमध्ये "सक्ती नाही" हे सुरुवातीला सांगून झालंच आहे, तर एक अवांतर. 1522 च्या उपवासकाळात झुरिकमध्ये फ्रोशाउअर नावाच्या मुद्रकाच्या घरी कामगारांनी सॉसेज खाल्ले. तिथला धर्मोपदेशक झ्विंग्ली हजर होता. स्वतः खाल्लं नाही, पण नंतर व्यासपीठावरून त्यांची बाजू घेतली. स्वित्झर्लंडमधल्या धर्मसुधारणेची ठिणगी म्हणून हा प्रसंग सांगतात. म्हणजे उपवास मोडण्यालाही इतिहास आहे. पण त्याचं म्हणणं "उपवास करू नका" असं नव्हतं, "जबरदस्ती करू नका" असं होतं. आमच्या तरुण संघात पहिलंच वाक्य लक्षात ठेवलेलं दिसतं.

पिंपरीची चेची

माझे आईवडील केरळचे, माझी शाळा-कॉलेज पुण्यात. घरी मल्याळम, बाहेर मराठी, भांडताना दोन्ही. आमच्या सुरियानी (केरळच्या जुन्या सीरियन ख्रिस्ती) परंपरेत ईस्टरआधीचा उपवास पन्नास दिवसांचा म्हणतात आणि त्याच्याही आधी तीन दिवसांचा निनवेचा. योना संदेष्ट्याने सांगितल्यावर निनवेच्या राजापासून गुराढोरांपर्यंत सगळे उपाशी राहिले, त्याची आठवण. लहानपणी मला ढोरांचं फार वाईट वाटायचं. त्यांनी काय केलं होतं?

पन्नास दिवस मांस, मासे, अंडी, दूध बंद. काळा चहा. आज्ञा गुरुवारी, म्हणजे उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी, रात्री घरी बेखमीर अप्पम वाफवतात, वर झावळीच्या पात्याचा क्रूस ठेवतात, आणि सोबत गुळाचं नारळाचं दूध. बाबा अप्पम मोडतात, वयाच्या क्रमाने एकेकाला देतात, आम्ही दोन्ही हात पुढे करून घेतो. त्याआधी प्रार्थना, आणि ती लांब. वाफेचा वास घरभर, आणि आम्ही उभे.

मी आयसीयूमध्ये नर्स आहे. नाइट ड्यूटीत पन्नास दिवसांचं सगळं पाळणं जमत नाही, अंडं खाते कधी कधी. पण औषधांची ट्रॉली घेऊन एका बेडकडून दुसऱ्या बेडकडे जाताना "येशू, दया कर" एवढंच म्हणते. पेशंट ख्रिस्ती असो नसो. उपवासकाळात सुरू केलेली सवय, आता बारा महिने चालते.

साफ बोलतो

थोडं कडू लिहितो. जानेवारीत सध्या 21 दिवसांचा 'डॅनिएल फास्ट' करायची लाट आहे. दानिएलाच्या दहाव्या अध्यायात तो तीन आठवडे शोक करतो, रुचकर अन्न, मांस, द्राक्षारस घेत नाही, तिथून हे आलं. त्यात गैर काही नाही. पण मी ज्या ग्रुपमध्ये होतो तिथे पहिल्या दिवशी वजन किती, शेवटच्या दिवशी किती, याचे फोटो. आणि प्रत्येकाने मागण्यांची यादी लिहून पाकिटात घालायची : फ्लॅट, व्हिसा, बढती. म्हणजे आम्ही 21 दिवस काकड्या खाणार आणि देव पझेशन देणार. हा सौदा झाला.

लूकच्या अठराव्या अध्यायातला परुशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी) आठवड्यातून दोनदा उपवास करत होता. मंदिरात जाऊन तेच सांगत होता. आणि यशयाचा 58 वा अध्याय तर सरळ विचारतो, उपवासाच्या दिवशी तुम्ही तुमच्या मजुरांना राबवता, मग हा कसला उपवास? मी तो ग्रुप सोडला. आता शुक्रवारी घरी कामाला येणाऱ्या मावशींना भरपगारी सुट्टी असते आणि भांडी मी घासतो. प्रार्थना तिथेच, बेसिनपाशी. बायको म्हणते, हा उपवास वर्षभर चालू दे.

नगरची थोरली

साफ बोलतोजी, पटलं. पण मागणाऱ्यांवर फार रागावू नका. रिकाम्या हाताने आलेलं माणूस मागणारच. आम्हीही मागतो.

स्टेथो

मी फिजिशियन. डाएटचे सल्ले नकोत म्हणालात, पण हा त्यातला नाही. इन्सुलिन किंवा साखर झपकन उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्जळी किंवा दिवसभराचा उपवास करू नका. घाम, थरथर, डोकं सुन्न होणं, किंवा मशीनवर 70 च्या खाली आकडा आला की त्याच क्षणी साखर घ्या. त्यात श्रद्धा कमी पडत नाही. उत्तम शुक्रवारी बारा ते तीनची उपासना चालू असताना, वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी "मला तहान लागली आहे" यावर प्रवचन ऐकता ऐकता माणसं चक्कर येऊन पडलेली मी पाहिली आहेत. चर्चने आजाऱ्याला सूट दिलीय ती वापरा. माझे एक आजोबावयाचे पेशंट जेवण सोडत नाहीत. जेवणाआधीची इन्सुलिन घेतल्यावर जेवायला बसेपर्यंतच्या वेळात एक स्तोत्र वाचतात. मला ही युक्ती फार आवडली.

रुवीचा वसईकर

मस्कतला नोकरी. रुवीच्या पीटर आणि पॉल चर्चमध्ये शुक्रवारी इतकी गर्दी असते की आपल्याकडचा रविवार वाटावा. इथे आठवड्याची सुट्टी शुक्रवारची.

2025 मध्ये रमजान सुरू झाला आणि चारच दिवसांनी राखेचा बुधवार, 5 मार्चला. रमजानमध्ये दिवसा उघड्यावर कुणी खात-पीत नाही, त्यामुळे ऑफिसची पँट्री बंदच. गावाला असताना उपवास म्हटला की "का रे, बरं नाही का?" पासून सुरुवात. इथे कुणी काही विचारलं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरचा ओमानी सहकारी अजानआधी पाच-दहा मिनिटं गप्प बसायचा, हात मांडीवर. मीही गप्प बसू लागलो, रोझरीची माळ खिशात. त्याची प्रार्थना त्याची, माझी माझी. मग तो खजुराची डबी पुढे करायचा. मला सक्ती नव्हती तरी मी त्या वेळेपर्यंत थांबायला लागलो. इतकी शिस्त मला आमच्या फादरांच्या दहा प्रवचनांनी लावली नव्हती.

शुक्रवार

नाव लिहीत नाही.

नवऱ्याला कॅन्सर होता. मी दर शुक्रवारी पूर्ण उपास करत होते आणि फक्त एकच मागत होते. मंडळीतले लोक यायचे, हात ठेवून प्रार्थना करायचे. त्यातला एक जण जाता जाता म्हणाला, "ताई, विश्वास थोडा आणखी पाहिजे." मी उपास दोन दिवसांचा केला. ते गेले.

त्यानंतर बरेच महिने मी शुक्रवारी मुद्दाम जेवत होते. चांगलं, साग्रसंगीत, तिखट. देवाला दाखवून.

परत सुरू कसं झालं, तर एका पाळकबाईंनी मला 88 वं स्तोत्र वाचायला सांगितलं. बाकी बहुतेक तक्रारीची स्तोत्रं शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. अंधारातच संपतं. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलेलं नाही. त्या म्हणाल्या, "आज मागू नका. हेच मोठ्याने वाचा." मी स्वयंपाकघरात, गॅस बंद ठेवून, मोठ्याने वाचलं. ओरडूनच.

आता शुक्रवारी दुपारचं जेवत नाही. काही मागत नाही. ते आजारी असताना मी त्यांच्याशी बोलायचं सोडून सारखी देवाशी बोलत होते, याचं मला आज वाईट वाटतं, म्हणून त्या वेळेत थोडं त्यांच्याशीही बोलते. हे आपल्या शिकवणीत बसतं का, ते मला विचारू नका.

पानमळा

ताई, कुणी विचारणार नाही. शुक्रवारी तुमच्या 'त्यांचं' स्मरण मी नावांत करीन. नाव नाही सांगितलं तरी चालेल.

बारावी सायन्स

मी 17 वर्षांचा आहे. बोर्डाची परीक्षा दर वर्षी नेमकी उपवासकाळातच का येते? आई म्हणते उपवास नको, मेंदूला ग्लुकोज लागतं. राखेच्या बुधवारी मटण तेवढं खाल्लं नाही, नियमात 14 पासून आहे ते. मी रील्स बंद केल्यात. आधी वाटलं त्या वेळात प्रार्थना करीन, पण खरं सांगायचं तर झोप काढली. मग पेपरच्या दिवशी सेंटरला जाताना बसमध्ये क्रूसाच्या वाटेचे (येशूच्या शेवटच्या प्रवासातल्या प्रसंगांचे) चौदा थांबे मनातल्या मनात म्हणायला लागलो. आमचा स्टॉप येईपर्यंत साधारण नववा होतो, येशू तिसऱ्यांदा पडतो तिथपर्यंत. उरलेले पाच परतीच्या बसमध्ये. फिजिक्सच्या दिवशी तो तिसऱ्यांदा पडणारा थांबा जरा जास्तच मनावर घेतला.

नगरच्या काकूंना विचारायचं होतं, परीक्षा संपल्यावर मी आजीकडे नगरला येणार आहे. तुमच्या शुक्रवारच्या सभेत मुलं चालतात का? कॅथलिक आहे मी.

नगरची थोरली

चालतात की. पेटी येते का वाजवायला? आमच्या वाजवणाऱ्या बाई मेमध्ये लेकीकडे जातात.

बारावी सायन्स

कीबोर्ड येतो.

नगरची थोरली

भाता मारायला शिकवू. अकराला ये, आणि घरून जेवून ये, तुझ्या आईला सांगते मी.